एकाच भांड्यातला खिमा-पास्ता घरी पौष्टिक कसा करावा?

कोलशेत_ठाणे यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

मी कोलशेतला राहते आणि नोकरी ऐरोलीला आहे. ट्रान्स-हार्बरची लोकल आणि मग ठाणे स्टेशनहून रिक्षा किंवा बस असे करत घरी पोहोचायला साडेसात वाजतात, आणि साडेआठपर्यंत मुलांची पाने वाढावीत अशी माझी धडपड असते. घरात आम्ही पाच जण आहोत. मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा आहे, यजमानांना गेल्या वर्षी रक्तदाबाचा त्रास निघाला आहे आणि सासूबाईंना मधुमेह आहे. सासूबाई सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी घरात सामिष शिजत नाही. उरलेल्या दिवसांपैकी एक-दोन दिवस तरी एकाच भांड्यात होणारे, पोटभरीचे आणि सर्वांना चालेल असे जेवण मी शोधत आहे.

मुलांना पाकिटातला मसाला पास्ता फार आवडतो, पण त्या पाकिटातल्या मसाल्यात मीठ किती असते हे वाचल्यापासून यजमानांना तो वाढायला माझे मन धजत नाही. म्हणून गेल्या रविवारी मी अर्धा किलो मटणाचा खिमा आणला आणि कांदा, टोमॅटो, खिमा, मसाले, पास्ता आणि पाणी असे सगळे एकदम कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या केल्या. दुसऱ्या शिट्टीबरोबर पांढरट फेस उसळून शेगडीवर ओघळला. झाकण उघडले तेव्हा पास्त्याची खळ झाली होती, तळाला जाड थर लागला होता आणि खिम्याच्या मात्र सुपारीएवढ्या गुठळ्या तशाच राहून त्या चिवट लागत होत्या. मुलांनी दोन घास खाल्ले आणि शेवटी मी पोळ्या लाटल्या.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पास्ता आणि खिमा दोन्ही नीट शिजावेत यासाठी क्रम आणि पाण्याचे प्रमाण काय ठेवावे? हा पदार्थ रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांनाही चालावा यासाठी त्यात काय बदल करावेत, आणि गव्हाचा पास्ता घेतल्याने खरोखर फरक पडतो का? शिवाय उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात देता येईल का? आपण अनुभवाने सांगावे, ही विनंती.

उपाहारगृह_ऐरोली यांचे उत्तर

ताई, मी बरीच वर्षे महापे भागातील एका कंपनीचे उपाहारगृह चालवले आहे आणि मोठ्या पातेल्यात खिमा-मॅकरोनी शेकडो वेळा केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमची अडचण मिठा-मसाल्याची नाही, वेळेची आहे. मटणाचा खिमा उघड्या भांड्यात मऊ व्हायला वीस ते पंचवीस मिनिटे घेतो आणि बाजारातला साधा पेने किंवा मॅकरोनी नऊ ते अकरा मिनिटांत तयार होते. दोन्ही एकाच वेळी भांड्यात पडले की खिम्यासाठी थांबावे तर पास्त्याची खळ होते आणि पास्त्यासाठी उतरवावे तर खिमा चिवट राहतो. भांडे एकच असले तरी पदार्थ पाठोपाठ पडले पाहिजेत. कोंबडीचा खिमा आठ-दहा मिनिटांत शिजतो, त्यामुळे घाईच्या दिवशी तो सोयीचा पडतो. मटणाचा खिमा शुक्रवारी रात्री किंवा रविवारी करावा.

पाच जणांसाठी ४०० ग्रॅम खिमा, २५० ग्रॅम पास्ता आणि १०० ग्रॅम मसूर डाळ घ्यावी. डाळ वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल, पण मसूर डाळ खिम्यात विरघळून जाते, रस्सा दाट करते आणि मुलांना ती कळतही नाही. त्याबरोबर दोन मोठे कांदे, चार टोमॅटो, एक गाजर, एक सिमला मिरची आणि साधारण २०० ग्रॅम किसलेला दुधी घ्यावा. दुधीला स्वतःची चव फारशी नसल्याने तो खिम्याची चव घेतो आणि जेवण ओलसर ठेवतो. तेल दोन चमचे पुरे होते, कारण मटण स्वतःची चरबी सोडते.

आता खिम्याकडे वळतो, कारण चव तिथेच ठरते. खिमा धुतला असेल तर चाळणीत किमान दहा मिनिटे निथळू द्यावा आणि हाताने दाबून पाणी काढावे. जाड बुडाची, रुंद कढई चांगली तापू द्यावी. कांदा सोनेरी झाला की खिमा पसरून घालावा आणि तीन-चार मिनिटे त्याला अजिबात हात लावू नये. सुरुवातीला खिमा पाणी सोडतो, राखाडी दिसतो आणि कढईतून बुडबुड असा आवाज येतो. बहुतेक जण याच टप्प्यावर टोमॅटो किंवा पाणी घालतात आणि मग खिमा उकडल्यासारखा लागतो. पाणी आटले की आवाज बदलून चरचर ऐकू येऊ लागते आणि कडेने तेल दिसते. तेव्हा उलथन्याच्या टोकाने गुठळ्या फोडत फोडत खिमा तपकिरी होईपर्यंत परतावा. या खरपूसपणातून इतकी चव येते की पुढे मीठ कमी घातले तरी जेवण अळणी वाटत नाही.

त्यानंतर आले-लसूण, हळद, थोडे तिखट आणि धणे-जिरे पूड घालून मिनिटभर परतावे, मग धुतलेली डाळ, अर्धा चमचा मीठ आणि साधारण ४५० मिलिलिटर कडकडीत गरम पाणी घालावे. थंड पाणी घातल्याने शिजण्याचा वेग मोडतो. झाकण ठेवून मध्यम ते मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटे शिजू द्यावे. टोमॅटो या टप्प्यावर घालू नये, कारण आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. डाळ बोटाने चेपली की किसलेला टोमॅटो, दुधी, गाजर आणि पास्ता घालावा आणि आणखी साधारण २५० ते ३०० मिलिलिटर गरम पाणी घालावे. मापापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा. पास्ता रसात जेमतेम बुडलेला दिसला पाहिजे. वर दोन बोटे पाणी राहिले तर ते आटवण्याच्या नादात पास्ता जास्त शिजतो. वाटीभर गरम पाणी बाजूला ठेवावे आणि लागेल तसे घालावे.

एकाच भांड्यात शिजवताना पास्त्यातला स्टार्च फेकल्या जाणाऱ्या पाण्यात न जाता रश्श्यातच उतरतो, आणि म्हणून क्रीम न घालताही रस्सा दाट होतो. तोच स्टार्च तळाशी चिकटतो, त्यामुळे दर दोन मिनिटांनी उलथने तळापर्यंत घालून खरवडत ढवळणे आवश्यक आहे. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक तुकडा दातांनी तोडून पाहावा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला की सिमला मिरची घालून गॅस बंद करावा आणि झाकण ठेवून पाच मिनिटे थांबावे. तो ठिपका वाफेवर आपोआप शिजतो.

कुकरच वापरायचा असेल तर खिमा परतून, डाळ आणि पाणी घालून दोन-तीन शिट्ट्या करून घ्याव्यात, पण वाफ गेल्यावर झाकण बाजूला ठेवून पास्ता उघड्यावर शिजवावा. तुमच्या कुकरमधून जो फेस आला तो स्टार्चचाच होता, आणि असा फेस शिट्टीच्या तोंडाशी अडकू शकतो, त्यामुळे पास्ता घातलेला कुकर भरून शिजवणे सुरक्षितही नाही.

आहारतज्ज्ञ_वाशी यांचे उत्तर

वरच्या उत्तरातले प्रमाण मला आवडले. आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहिते. यजमानांच्या आणि सासूबाईंच्या औषधोपचारांशी संबंधित निर्णय अर्थातच त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.

आधी मिठाबद्दल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतही प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खाऊ नये असे म्हटले आहे. ५ ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम असते. पाकिटावर बहुधा सोडियमचा आकडा दिलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. पाच जणांच्या या कढईत एकूण एक सपाट छोटा चमचा मीठ घातले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १ ग्रॅम येते. हा हिशेब टिकवायचा असेल तर वरून सूप क्यूब, सॉस आणि भरपूर प्रोसेस्ड चीज घालू नये, कारण या तिन्हींत मीठ असतेच. चीज हवेच असेल तर २५ ग्रॅमचा एक क्यूब किसून पाचही पानांवर वरून भुरभुरावा. चीज जिभेला आधी लागते, त्यामुळे थोडेसेही पुरते. मीठ कमी केल्याची उणीव लिंबाचा रस, मिरपूड, कोथिंबिरीचे देठ आणि चिमूटभर चुरडलेला ओवा भरून काढतात. ओव्याचा वास ओरेगॅनोच्या जवळ जाणारा असल्याने मुलांनाही तो परका वाटत नाही.

पास्त्याबद्दल बोलायचे तर पुढच्या बाजूला काय छापले आहे याकडे न पाहता मागची घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले नाव मैद्याचे आहे, ड्युरम गव्हाच्या रव्याचे आहे की संपूर्ण गव्हाचे आहे, हे लगेच कळते. रव्याच्या पास्त्यात १०० ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम तंतू असतात आणि संपूर्ण गव्हाच्या पास्त्यात त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे फरक नक्की पडतो. मात्र घरातली मुले एकदम पूर्ण गव्हाचा पास्ता खातीलच असे नाही. पहिले काही आठवडे दोन्ही निम्मे-निम्मे मिसळावेत. संपूर्ण गव्हाचा पास्ता शिजायला एक-दोन मिनिटे अधिक घेत असेल तर तो आधी घालावा.

असे असले तरी सासूबाईंच्या दृष्टीने पास्त्याच्या रंगापेक्षा दोन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे पानातले प्रमाण. माणशी ५० ग्रॅम कोरडा पास्ता आणि उरलेली जागा खिमा, डाळ आणि भाज्यांनी भरलेली असावी. मी हिशेब करून पाहिला, तर या प्रमाणात प्रत्येकाला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि त्यातला चांगला वाटा डाळीचा आहे. दुसरी म्हणजे पास्ता किती शिजवला हे. ड्युरम गव्हाच्या पास्त्यात प्रथिनांचे जाळे स्टार्चला धरून ठेवते, म्हणून तो पावापेक्षा सावकाश पचतो आणि रक्तातील साखर हळू वाढते. पण तो मऊ होईपर्यंत शिजवला की हा फायदा कमी होतो. म्हणजे वर सांगितलेला तो पांढरा ठिपका सासूबाईंसाठी चवीपलीकडेही उपयोगाचा आहे. त्यांनी आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर खावी आणि मग पास्ता घ्यावा.

मुलगी अकरा वर्षांची आहे आणि या वयात लोहाची गरज वाढते, म्हणून हा पदार्थ तिच्यासाठी विशेष चांगला आहे. मसूर आणि पालक यांतले लोह शरीरात शोषले जाण्यास टोमॅटो आणि लिंबातले क जीवनसत्त्व आणि सोबतचे मांस, दोन्ही मदत करतात. शेवटी मूठभर पालक चिरून घालावा.

डब्याबद्दल मात्र मी थोडी काटेकोर आहे. खिमा करताना मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू सगळीकडे मिसळतात, म्हणून कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, गोठवलेला खिमा ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच वितळू द्यावा आणि शिजवताना आत कुठेही गुलाबी भाग राहू देऊ नये. शिजलेला पास्ता रात्री ओट्यावर राहू देऊ नये. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहूनही लवकर. सकाळी पाण्याचा हबका मारून वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करावा. मधल्या सुट्टीपर्यंत डबा चार तास दप्तरात राहणार असेल तर खिम्याचा पास्ता डब्यात देऊ नये, तो घरीच संध्याकाळी खावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेरूळची_काकू यांचे उत्तर

तुमच्या सासूबाई ज्या दिवशी पाळतात त्या दिवसांसाठी सांगते. खिम्याऐवजी १०० ग्रॅम सोया ग्रॅन्यूल्स गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, दोन वेळा पाणी बदलून घट्ट पिळावेत आणि कांद्यावर तसेच खरपूस परतावेत. पिळण्यात कंटाळा केला तर उग्र वास राहतो. बाकीची कृती वरचीच, फक्त डाळ आधी भिजवून ठेवली तर एकूण वेळ अर्ध्यावर येतो. आमच्या घरी पाळणाऱ्यांचे भांडे आणि उलथने वेगळे असते. तुमच्याकडेही तसे असेल तर ती कढई आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे सोमवारी ऐनवेळी शोधाशोध होत नाही.

सीवूड्स_दारावे यांचे उत्तर

माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते आणि तिच्याकडे गेले असताना मी हा पदार्थ त्याच्या मूळ घरी पाहिला आहे. तिथे १९७१ पासून हॅम्बर्गर हेल्पर नावाचा खोका मिळतो. त्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याची पूड असते, आणि घरच्या एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम गोमांसाच्या खिम्यात तो खोका रिकामा करून एकाच तव्यात जेवण होते. बहिणीने तो खोका केव्हाच सोडला आणि ती टर्कीच्या खिम्यात घरचे मसाले घालून तेच जेवण करते.

तिथल्या खिम्याच्या पाकिटावर चरबीचे प्रमाण छापलेले असते, ही गोष्ट मात्र मला फार उपयोगाची वाटली. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचे असते आणि ते मुळात कमी चरबीचे असते, पण तयार खिम्यात चरबी किती मिसळली आहे हे सांगता येत नाही. म्हणून मी मांडीचा तुकडा निवडते, वरची पांढरी चरबी काढायला सांगते आणि समोर उभी राहून खिमा करून घेते. दहा मिनिटे जास्त जातात, पण आपण काय शिजवतो आहोत ते आपल्याला माहीत असते.

कोलशेत_ठाणे यांनी पुन्हा लिहिले

सर्वांचे मनापासून आभार. काल बुधवारी मी कोंबडीच्या खिम्यावर करून पाहिले आणि लगेच कळवत आहे.

मसूर डाळ सकाळी निघतानाच भिजत घातली होती. कांदा आणि गाजर चिरून आदल्या रात्री डब्यात ठेवले होते. पावणेआठला कढई चढवली. कढईचा आवाज बुडबुडीवरून चरचरीवर जाईपर्यंत मी हातातले उलथने खाली ठेवून नुसती उभी राहिले, कारण हातात असते तर ढवळल्याशिवाय राहवले नसते. खिमा पहिल्यांदाच तपकिरी आणि मोकळा झाला. कोंबडीला कमी वेळ लागत असल्याने डाळीसह दहा मिनिटेच शिजवले आणि मग पास्ता घातला. दुधीचे पाणी मी धरले त्यापेक्षा जास्त सुटले, त्यामुळे बाजूला ठेवलेल्या वाटीतले पाणी लागलेच नाही. साडेआठला पाच मिनिटे कमी असताना गॅस बंद केला.

मुलाने दुधी ओळखला नाही. मुलीने डाळ ओळखली, पण आणखी एक वाटी मागून घेतली. यजमानांना मीठ कमी लागले, तेव्हा त्यांनी वरून लिंबू पिळून घेतले आणि मिठाची बरणी मी ओट्यावरच राहू दिली. सासूबाईंनी कोशिंबीर आधी खाल्ली आणि पास्ता एका वाटीवर थांबवला. आज सकाळी त्यांची उपाशीपोटीची साखर नेहमीएवढीच होती. जेवणानंतर दोन तासांनी मोजायला हवी होती, ती पुढच्या वेळी मोजेन.

एकच अडचण राहिली. शेवटच्या चार-पाच मिनिटांत तळाला हलका थर लागलाच, जरी मी सतत ढवळत होते. आच कमी केली की पास्ता शिजत नाही आणि वाढवली की लागते, अशा वेळी काय करावे?

उपाहारगृह_ऐरोली यांचे उत्तर

डाळ भिजवलेली असल्याने ती लवकर विरघळली आणि रस्सा अपेक्षेपेक्षा आधीच दाट झाला, त्यामुळे तळाला लागले. पुढच्या वेळी डाळ फार मऊ व्हायची वाट न पाहता पास्ता दोन मिनिटे आधी घालावा. रस्सा दाटू लागला की अर्धी वाटी गरम पाणी घालून, कढईखाली जुना लोखंडी तवा सरकवून मंद आचेवर झाकण ठेवावे. तव्यामुळे आच पसरते आणि मधल्या जागी लागत नाही. मटणाचा खिमा कराल त्या रविवारीही तवा सुरुवातीपासून न ठेवता पास्ता घातल्यावरच ठेवावा, कारण खिमा परतताना थेट आच हवी असते.